एकाग्रतेचं यंत्र आणि शेजारचे महाराज

माझा भाचा बोटीवर असतो. आमच्याकडे बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की वासाचे साबण, चॉकलेटं आणि एखादं कुणाला न कळणारं यंत्र आणतो, अशी रीत आहे. त्या खेपेला त्याने मला जे यंत्र आणलं, त्याचं कौतुक तो असं करू लागला, "मावशी, यात इंटरनेट नाही. फोन नाही. फोटो नाही. गाणी नाहीत."

"अरे मेल्या, मग आहे काय?"

"काहीच नाही! तेच तर आहे!"

आणि हे काहीच नसलेलं म्हणे चांगल्या मोबाइलपेक्षा महाग मिळतं.

दिसायला पूर्वीच्या मुलांच्या पाटीएवढं. खाली टाइपरायटरसारखी बटणं आणि वर अर्ध्या पोस्टकार्डाएवढा करडा पडदा. त्यावर चार ओळी दिसतात, पाचवी लिहायला घेतली की पहिली वर निघून जाते. मागे जाऊन खाडाखोड करायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. लेखकाने मागे वळून पाहायचं नाही, नुसतं पुढे लिहीत सुटायचं. लेखकाचं चित्त विचलित होऊ नये म्हणून तिकडच्या शहाण्या लोकांनी ते बनवलंय, असं भाचा म्हणाला. मराठी अक्षरं उमटतील अशी व्यवस्था करून, माझ्या पाया पडून तो परत बोटीवर गेला.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मामलेदार कचेरीत जन्म घालवून मी निवृत्त झाले. दोन कथासंग्रह नावावर, आणि तिसरी एक कादंबरी वर्षानुवर्षं 'चालू' होती. चालू का होती, तर मला शांतता मिळत नाही म्हणून. हे कारण आमच्या घरात, वाड्यावर आणि तालुक्याच्या साहित्यिक वर्तुळात सगळ्यांना पाठ होतं. नवऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून आमचा टीव्ही शेजारच्या गावालाही बातम्या देतो. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंगा, दुपारी मासळीवाली, संध्याकाळी भजनी मंडळाची तालीम. अशा घरात साहित्य होईल कसं, असं म्हणत मी सुखात होते. आता भाच्याने पाटीएवढी शांतता हातात आणून दिली. आता काय सांगायचं लोकांना?

पण कादंबरी राहू दे बाजूला. त्या वर्षी खरोखरच लिहायचं काम अंगावर होतं, आणि तेही टाळता येणार नव्हतं.

आमच्या पेडण्याच्या भागात देवळाच्या उत्सवाला गावातल्या माणसांनी नाटक करायचं म्हणजे करायचंच. पणजीला मराठी की कोकणी यावर माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती, राजभाषा ठरली, राज्य मिळालं, तरी भांडण मिटलं नाही. आमच्या गावात ते केव्हाच मिटलेलं. भांडायचं कोकणीत, देवाला आणि रंगमंचावर मराठीत. कितीतरी वर्षं हे उत्सवाचं नाटक मीच लिहून देते. राजा, प्रधान, राणी, कपटी सरदार, अशी ठरलेली भांडी घासूनपुसून दरवर्षी मांडायची. त्याची मला आतून लाज वाटायची. शहरात कुणी विचारलं तर मी नाटकाचं नावच काढत नसे.

आमच्या शेजारच्या भावजींनी या सगळ्या नाटकांत काम केलेलं. मूळचे ते सावंतवाडीकडचे, शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायला म्हणून आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या तशी त्यांची गाडी अंगणात उभी राहिली, ती आता कोंबड्यांच्या उपयोगी पडते. नाटकाचं या माणसाला भारी वेड. पण ड्युटी सांभाळून तालमीला येणाऱ्याला मोठं काम देणार कोण? म्हणून ते कायमचे भालदार. भाला घेऊन यायचं, मुजरा करायचा, "महाराज, खलिता आला आहे!" म्हणायचं आणि मागच्या मागे जायचं. सगळ्या नाटकांत हे एकच वाक्य. पण काय आवाज होता, अगो बाय! घाटातल्या ट्रकच्या भोंग्यालाही लाजवील असा. खलिता आला म्हणाले की पहिल्या रांगेतली मुलं दचकून आईला बिलगायची.

त्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायला हवं, जीव वाचेल, पण आवाज राहील असं सांगता येत नाही, बहुधा नाहीच राहणार. तारीख मिळाली ती उत्सव आटोपल्यानंतरची. तोवर घशाला आराम द्या, बोलणं कमी करा, असं बजावून त्यांना घरी पाठवलं.

ते घरी न जाता थेट माझ्या सोप्यावर आले. "वैनी, उत्सवाक अजून माजो आवाज आसा," म्हणाले. "औंदा माका मोठा काम दी. मगे गप्प बसाचाच आसा."

नाही कोण म्हणेल? मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं.

आणि मग तो माणूस मला लिहू देईना! रोज सकाळी चहाच्या वेळेला हजर. "वैनी, माजा काम खंय पावला?" कुठे पोचणार, कपाळ माझं! समोर हे बसलेले, विड्यामागून विडा जमवतायत आणि बोलतायत. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं म्हणजे बोलण्याचा साठा संपायच्या आत सगळा खपवला पाहिजे, असा त्यांनी अर्थ लावलेला. थोड्या वेळाने त्यांची बायको कुंपणापलीकडून ओरडायची, "गप्प रवा म्हटलेला मां डॉक्टरान!" ऐकलं नाही तर येऊन दंडाला धरून घेऊन जायची. ही बाई एरवी मुंगीलाही दुखवणार नाही, पण त्या दिवसांत नवऱ्याच्या तोंडावर तिचा पोलिसासारखा पहारा. मलाही ऐकवायची, "वैनी, तू तेंका बोलू घालतंस."

मी बोलू घालते! ज्याच्यासाठी लिहायचं तोच लिहू देत नाही, आणि वर बोल मला! तेव्हा मी यंत्र पिशवीत घातलं आणि शांततेच्या शोधाला निघाले. हातात घेऊन कुठेही जा, असं भाचा म्हणालाच होता.

पहिल्यांदा गेले हळर्णला. तिथे जुना किल्ला आहे, खाली नदी, आणि दुपारी चिटपाखरू नसतं असं ऐकलं होतं. तटाच्या सावलीत पदर खोचून बसले, यंत्र मांडीवर घेतलं, समोरच्या शेतांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि एक शब्द लिहिला. पुन्हा पाहिलं, दुसरा लिहिला. तेवढ्यात गवत कापणाऱ्या दोघी बायका उभ्या राहिल्या. मग एक स्कूटरवाला थांबला. अदबीने म्हणाला, "बाय, मापणी खंयची चलता?"

आमच्या तालुक्यात विमानतळ आल्यापासून, यंत्र घेऊन शेताकडे बारीक डोळ्यांनी बघणारा माणूस फक्त दोन कामांसाठी येतो. एक तर जमीन घ्यायला, नाही तर जमीन जायची आहे ते मोजायला. मी म्हटलं, "मापणी नाही, मी नाटक लिहितेय." त्यावर तो गालात हसला. सरकारी माणूस खरं कधी सांगत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बघता बघता अर्धा वाडा गोळा झाला. कुणाला कूळ लागलेलं, कुणाच्या आजोबांचं नाव अजून वन-फोर्टीनच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्यावर तसंच, कुणाचे भाऊ मुंबईला आणि सही करत नाहीत. एकाने तर माझ्या यंत्राचा पडदा वाचायचा प्रयत्न केला. त्यावर 'प्रवेश पहिला' लिहिलेलं. 'प्रवेश' वाचून तो म्हणाला, "बघा, जमनीत प्रवेश करतले!" एकच गलका झाला.

आता मी उठून यायला हवं होतं की नाही? पण मामलेदार कचेरीतली सवय. एकाला उताऱ्यावरचं नाव बदलायला म्युटेशनचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं, तशी रांगच लागली. संध्याकाळच्या बसपर्यंत मी किल्ल्याच्या तटावर बसून कचेरी चालवली. जाताना दोन नारळ आणि तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, मिळाल्या. नाटकाचा एक प्रवेशसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला मोरजीला गेले. तिथे समुद्रावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणून किनाऱ्याचा एक तुकडा दोऱ्या बांधून राखलेला असतो. मोठ्याने गाणी लावायची नाहीत, दिवे लावायचे नाहीत, गडबड करायची नाही. मी म्हटलं, झकास! दोरीच्या अलीकडे वाळूत बसले. लगेच रखवालदार आला. "मॅडम, हांगा बसूक जायना, कासवाक त्रास जाता." मी सांगितलं, बाबा, माझ्या या यंत्राचा आवाजसुद्धा होत नाही. तो म्हणाला, कासवाला ते कसं कळणार? बरोबर आहे त्याचं. कासवीण वर्षातनं एकदा येते, खड्डा खणते, काम करून निघून जाते. तिच्यासाठी सरकार माणूस बसवतं. आम्ही इथे जन्मभर मराठीची सेवा करतोय, आम्हाला दोन हात दोरी कुणी बांधलीय का? मग पलीकडच्या खोपटी हॉटेलात जाऊन लिंबू सोडा मागवला, तर शेजारच्या गोऱ्या जोडप्याला वाटलं हे हात बघून भविष्य सांगणारं मशीन आहे. तळहातच पुढे केले त्यांनी. मी चडफडत घरी आले.

घरी येऊन सोप्यावर यंत्र आपटलं. आत टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी आव्हान देत होतं. भावजी वाटच पाहत होते. "माजा काम..."

"डोंबल तुमचं काम!" मी म्हटलं. "बोला. काय बोलायचंय ते बोला. आज मी उठत नाही."

आणि ते बोलत राहिले, आणि मी रागारागाने ते बोलतील तसं बडवत राहिले. दुसरं करणार काय? शिरगावहून जेटीपर्यंतच्या ट्रकच्या रांगा. पुढच्या गाडीच्या धुळीत आपल्या गाडीचा दिवा दिसत नाही तो. डोळ्याच्या कडेला, कानाच्या पाळीत बसलेली तांबडी माती. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा त्यांचा सदरा धुतला तेव्हा पाणी बघून ती घाबरली, रक्त म्हणून. खाणी बंद झाल्यावर पहिला पाऊस आला नि अंगणातलं पाणी स्वच्छ वाहिलं, ते बघून तिने आनंदाने हाक मारली आणि यांना मात्र जेवण गेलं नाही. चार ओळींच्या पडद्यावरून त्यांचं आयुष्य वर वर सरकत होतं आणि मागे जाऊन मला काही सुधारता येत नव्हतं. आठवडाभर हेच चाललं. भावजींची बायको आली की दंडाला धरून त्यांना न्यायची, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यायचे.

खाडाखोड नसली तरी यंत्रात मागचं नुसतं वाचता येतं, तसं एके दिवशी मी पहिल्यापासून वाचून पाहिलं. हे नाटक होतं! राजा नाही, प्रधान नाही, एक खाणीवरचा ड्रायव्हर, त्याची स्वतःची भाषा, एकट्याने बोललेलं. शहरातले विद्वान वाचतील तर तोंडात बोटं घालतील असं. मला माझाच अभिमान वाटला. परिसंवादात मी काय बोलेन तेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

भावजींना आणि त्यांच्या बायकोला सोप्यावर बसवलं, नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला आणि सगळं वाचून दाखवलं. सदऱ्याच्या गोष्टीला ती खुदकन हसली, मग तिने डोळ्यांना पदर लावला. भावजी मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी तोंडातला विडा गालात सारला.

"ह्या मीच बोललंय मां?"

"तुमचंच. शब्दन् शब्द."

"मगे ह्या बोलूक माका नाटक कित्याक होया? ह्या मी तुज्या सोप्यार बसान फुकट बोलतंय."

माझा असा पारा चढला! मी त्यांना समजावलं, की हे आजचं आहे, खरं आहे, राजेबिजे आता कुणी बघत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू म्हणतंस ता खरा. पण माका राजा होवचा आसा, वैनी. मुकुट, तलवार आणि शुद्ध मराठी. जलमभर मी खलितो घेवन गेलंय. एकदा तरी माका कोणी खलितो हाडून दिवंदे."

पण त्यांची बायको उसळली. "राजा नको आनी कोण नको! राजाक बोलूचा पडतला. माका घोव जितो होयो, राजा कित्याक? वैनी, राजा करतलंस जाल्यार मुको कर."

मुका राजा! दोघांमध्ये माझं सँडविच. शेवटी तह झाला तो असा, की राजा करायचा, पण त्याचं भाषण एकच, तेही शेवटच्या अंकात, एका दमात होईल एवढं. बाकी वेळ त्याने सिंहासनावर बसून मिशीला पीळ द्यायचा आणि प्रधानाने बोलायचं. बायकोने ते भाषण स्वतः ऐकून, दोन वाक्यं कमी करून घेतली.

ते नाटक मी शांततेत लिहिलंच नाही. वेळच उरला नव्हता. देवळाच्या मंडपात तालीम चालू असायची आणि मी खांबाला टेकून, यंत्र मांडीवर घेऊन पुढचा प्रवेश लिहीत असायचे. कपटी सरदार सुचवायचा, "माका एक खून वाढव." कमिटीचे अध्यक्ष म्हणायचे राणीला एक गाणं द्या, पार्टी, म्हणजे पैसे देऊन आणलेली नटी, बाहेरची आहे, गाण्याचे वेगळे द्यावे लागत नाहीत. पेटीवाला वाजवतोय, पोरं पळतायत. ज्याने त्याने आपापली नक्कल त्या चार ओळींच्या पडद्यावरून उतरवून घेतली, आपलं वाक्य येईपर्यंत माझ्या डोक्यावर वाकून उभं राहून. माझं चित्त एवढं कधीच विचलित झालं नसेल, आणि एवढं भराभर मी कधी लिहिलं नसेल. नाटक कसं होतं म्हणाल, तर ठार जुनं. सगळे शब्द मखमलीचे.

उत्सवाला हल्ली आम्ही नाटक उजेडातच सुरू करतो. दहाच्या पुढे कर्णा लावायला सरकारची बंदी, म्हणून पाचालाच तिसरी घंटा होते. मंडप भरला होता. मागे खाज्याची दुकानं, फुगेवाले, कुठल्यातरी जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावरचं गाणं. बायकांच्या बाजूला मी आणि भावजींची बायको शेजारी बसलो. तिने पहिल्या अंकापासून माझा दंड धरून ठेवलेला.

ड्रेपरीवाल्याने मुकुट मोठा आणला होता, तो भावजींच्या कपाळावर येत होता. दोन अंक ते नुसते बसून राहिले. पण बसले काय बसले! तिसऱ्या अंकात भालदार आला, मुजरा केला, "महाराज, खलिता आला आहे!" आणि त्यांनी हात पुढे केला. घाई नाही, काही नाही. तो कागद घेतला, उलगडला, आणि उभे राहिले.

"सरदार! हा दरबार आहे, बाजार नव्हे! ज्या मातीने आमच्या मस्तकी हा मुकुट ठेवला, त्या मातीचा सौदा करणारा कोणीही असो, आमच्या तलवारीला नातं ठाऊक नाही!"

तो आवाज! मीच लिहिलेली, मलाच लाज वाटणारी ती वाक्यं त्या गळ्यातून आली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भाषण संपलं. टाळ्या थांबेनात, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आमच्याकडे वन्स मोअर गाण्याला मिळतो. गद्याला कधी दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. प्रॉम्प्टर विंगेतून डोकं बाहेर काढून बघू लागला. भावजींनी बायकांच्या बाजूला पाहिलं. ही जोरजोरात मान हलवत होती, नाही, नाही म्हणून. त्यांनी ते पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी मधेच आवाज फाटला. 'मस्तकी' म्हणताना खरखर झाली, 'तलवार' अर्धीच बाहेर पडली. पण ते थांबले नाहीत, प्रॉम्प्टरने पुढचं सांगितलं त्याच्याकडे बघितलं नाही. मंडप हळूहळू गप्प होत गेला. पोरं गप्प झाली. मागे कुणीतरी जाऊन पाळण्यावरचं गाणं बंद करून आला. शेवटचं वाक्य तर माइकवरून नुसता श्वास आल्यासारखं ऐकू आलं, आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा ते ऐकण्यासाठी पुढे वाकला होता.

संपलं. कुणी टाळी वाजवेना. वाजवावी की नाही हेच कुणाला कळेना. भावजी खलिता हातात धरून तसेच उभे, आत जाईनात. पडदेवाला दोरी धरून माझ्याकडे बघत राहिला, ओढू का म्हणून.

तेवढ्यात माझा दंड सुटला. भावजींची बायको उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या गप्प मंडपात ती जिवाच्या आकांताने ओरडली, "वन्स मोअर!"

महाराजांनी कपाळावर आलेला मुकुट मागे सारला आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.